एप्सन एल३२५० प्रिंटर, आणि ड्रायव्हरच्या वाटेने येणारे मालवेअर

मी नागपुरात प्रतापनगर भागात राहते आणि एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. प्रश्नपत्रिका, सरावाची पाने, मुलीचे विद्यापीठाचे अर्ज आणि सासऱ्यांच्या औषधोपचाराची कागदपत्रे मिळून आमच्या घरी महिन्याला सुमारे २०० पाने लागतात. मधली काही वर्षे हे सगळे काम झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह नेऊन होत असे, आणि शेवटी घरी पुन्हा प्रिंटर घ्यायला भाग पाडले तेही त्या पेन ड्राइव्हनेच.

एका संध्याकाळी दुकानातून आल्यावर पेन ड्राइव्ह उघडला, तर ‘इयत्ता नववी’ या फोल्डरच्या चिन्हावर डाव्या कोपऱ्यात एक छोटा बाण दिसला आणि त्याचा आकार जेमतेम १ केबी होता. आतमध्ये तर वर्षभराच्या प्रश्नपत्रिका होत्या. खरा फोल्डर लपवून त्याच्याच नावाचा आणि त्याच्याच रूपाचा शॉर्टकट तिथे ठेवलेला होता. त्यावर क्लिक केले असते तर फोल्डर उघडला असता, पण त्याच वेळी पेन ड्राइव्हवरचा एक प्रोग्रॅमही गुपचूप सुरू झाला असता. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्ह लावताक्षणी त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप चालणे बंद झाले, आणि तेव्हापासून अशा मालवेअरला, म्हणजे नुकसान करण्यासाठीच लिहिलेल्या सॉफ्टवेअरला, वापरणाऱ्याच्या एका क्लिकची गरज पडते. ते फोल्डरचे सोंग घेते ते यासाठीच. सुदैवाने मी थांबले, आणि कागदपत्रे बचावली. दुकानदाराचा यात दोष काढावा असे मला वाटत नाही, कारण दिवसभरात शंभर अनोळखी पेन ड्राइव्ह ज्या संगणकाला लागतात तो स्वच्छ राहणे कठीणच असते. ज्यांना दुकानात जाण्यावाचून पर्याय नाही, त्यांनी भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरील ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेले मोफत साधन जरूर पाहावे.

प्रिंटर निवडायला सीताबर्डीवर गेलो तेव्हा दुकानदाराने एकही यंत्र दाखवण्याआधी विचारले, “मॅडम, महिन्याला किती पाने निघतात आणि रंगीत किती, ते आधी सांगा.” मला तो प्रश्न फार योग्य वाटला, कारण घरगुती प्रिंटरचा सगळा निर्णय त्या दोन आकड्यांवर उभा असतो. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, शाईची मात्र पुन्हा पुन्हा. आमचा पहिला प्रिंटर छोट्या कार्ट्रिजचा होता. तो स्वस्तात मिळाला म्हणून आम्ही खूश होतो, परंतु तीन-चार वेळा कार्ट्रिज बदलण्यातच यंत्राएवढा खर्च झाला.

लेझर प्रिंटरचाही आम्ही गांभीर्याने विचार केला. त्यात द्रव शाई नसते. टोनर म्हणजे प्लास्टिकयुक्त बारीक भुकटी असते, आणि ती सुमारे २०० अंश सेल्सियसला तापलेल्या रोलरखाली कागदावर वितळून चिकटते. त्यामुळे तो सहा महिने पडून राहिला तरी काही वाळत नाही, आणि छापलेल्या अक्षरावर पाणी पडले तरी ते पसरत नाही. ज्यांच्याकडे रंगीत पाने जवळजवळ नाहीत आणि छपाई अधूनमधूनच होते, त्यांनी साधा काळा-पांढरा लेझर घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन. मात्र तो रोलर तापताना यंत्र एकदम मोठा विद्युतप्रवाह ओढते, म्हणून घरगुती इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नये. आमच्याकडे मुलीचे रंगीत आराखडे असतात, आणि वीज गेल्यावरही कधी कधी छपाई करावी लागते. त्यामुळे आम्ही शाईच्या टाकीचा, म्हणजे इंकटँक प्रकारचा, एप्सन एल३२५० घेतला. करांसह तो १५ हजारांच्या आतबाहेर पडला.

या प्रिंटरची शाई ६५ मिलिलिटरच्या बाटल्यांत मिळते. कंपनीच्या म्हणण्यानुसार काळ्या बाटलीत ४,५०० पाने आणि तीन रंगांच्या बाटल्यांच्या संचात ७,५०० पाने निघतात. हे आकडे ठरावीक नमुन्याच्या पानांवर मोजलेले असतात, त्यामुळे भरगच्च आकृत्या आणि छायाचित्रे छापणाऱ्याला तेवढी पाने मिळणार नाहीत. शिवाय पहिल्यांदा भरलेल्या शाईतील काही भाग नळ्या भरण्यातच जातो. तरीही काळ्या पानाला शाईचा खर्च १० पैशांच्या आसपास येतो. कागदाचे ६० पैसे धरले तर पान ७० पैशांना पडते. झेरॉक्सच्या दुकानात आम्ही ३ रुपये देत होतो, म्हणजे महिन्याच्या २०० पानांवर ४६० रुपये वाचतात आणि यंत्राची किंमत वसूल व्हायला पावणेतीन वर्षे लागतात. ज्यांची छपाई महिन्याला ३०-४० पानांची आहे त्यांनी केवळ बचतीसाठी हा प्रिंटर घेऊ नये, कारण एवढ्या पानांत तो हिशेब बसत नाही.

अक्षर सुबक येते, भूमितीच्या आकृत्यांतील बारीक रेषा तुटत नाहीत, आणि स्कॅनरमुळे जुनी कागदपत्रे जपून ठेवता येतात. याच्या मर्यादा घेण्यापूर्वीच माहीत असाव्यात. दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई होत नाही, पाने हाताने उलटून ठेवावी लागतात. वर कागदांची चळत ठेवून एकामागून एक स्कॅन करण्याची सोय नाही, आणि पडदाही नाही, फक्त बटणे व दिवे आहेत. चारही रंगांची शाई डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, असल्यामुळे ओल्या हाताने पान धरू नये. वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते. घरच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव असेल, तर प्रिंटर जोडताना २.४ चे नाव निवडावे, म्हणजे खटपट वाचते.

नागपूरकरांना मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी असते, आणि पाण्यावर चालणाऱ्या कोणत्याही शाईच्या प्रिंटरला ही हवा मानवत नाही. आमचा जुना कार्ट्रिजचा प्रिंटर आम्ही सुट्टीत गावी गेलो तेव्हा महिनाभर बंद घरात राहिला. परत आल्यावर नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे, तपासण्याचे पान छापले, तर पायऱ्यांसारख्या रेषांच्या त्या जाळीत निळा रंग अर्धा गायब होता आणि काळ्या रेषा मध्येच तुटलेल्या होत्या. आता उन्हाळ्यात आम्ही दर आठवड्याला चारही रंग असलेले एक पान छापतोच. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद न करता त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा, कारण तेव्हाच छपाईचा भाग आपल्या जागी जाऊन झाकला जातो. याउलट अडचण कूलरची. कूलरच्या झोताने खोलीतला कागद ओलसर होतो, त्याच्या कडा वळतात आणि दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. म्हणून आमचा प्रिंटर कूलरच्या समोरून हलवून कपाटाच्या आडोशाला ठेवला आहे, आणि उघडे रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो. मागचा कागदाचा ट्रे उघडाच असतो, त्यामुळे काम झाले की वर सुती कापड टाकतो.

आता ज्या भागासाठी मी हे लिहायला बसले, तो सांगते. जुना प्रिंटर रुसला तेव्हा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा यासाठीचे सॉफ्टवेअर, पुन्हा घालावा म्हणून सासऱ्यांनी गूगलवर मॉडेलचे नाव टाकून शोधले आणि सर्वांत वरचा दुवा उघडला. ती जाहिरात होती. पानावर कंपनीचे बोधचिन्ह होते, मॉडेल क्रमांक टाकायची चौकट होती. क्रमांक टाकल्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि शेवटी लाल चौकटीत ‘ड्रायव्हर बसवता आला नाही, तज्ज्ञांशी बोला’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर व खाली फोन क्रमांक आला. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय आदबीने बोलत होता. त्याने संगणकाचा ताबा दुरून घेणारे एक सॉफ्टवेअर उतरवायला लावले, विंडोजच्या नोंदवहीतल्या नेहमीच्या पिवळ्या इशाऱ्यांना व्हायरस म्हणून दाखवले, आणि दुरुस्तीचे पैसे भरण्यासाठी बँकेचे संकेतस्थळ उघडायला सांगितले. तेवढ्यात मी शाळेतून आले आणि राउटरची तार काढली. पैसे गेले नाहीत, पण बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. पंचाहत्तरीच्या माणसाला आपल्या हातून घराचे नुकसान झाले असते या विचाराचा किती त्रास होतो, हे मी जवळून पाहिले आहे. चूक त्यांची नव्हती. ड्रायव्हर शोधणारा माणूस आधीच अडलेला असतो, घाईत असतो, आणि काहीतरी उतरवून घ्यायला मनाने तयार असतो. म्हणूनच असे सापळे तिथे लावतात.

पुढे आम्ही जे केले ते असे. इंटरनेट बंद ठेवूनच ते सॉफ्टवेअर काढून टाकले. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ असा पर्याय आहे, तो चालवला. यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या मालवेअरला आडवे येता येत नाही, आणि साधारण पंधरा मिनिटांत काम होते. बँकेचे व ईमेलचे पासवर्ड त्या संगणकावरून न बदलता माझ्या फोनवरून बदलले, आणि बँकेला कळवले. कोणाचे पैसे गेलेच असतील, तर क्षणाचाही विलंब न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

नव्या प्रिंटरच्या वेळी आम्ही ड्रायव्हर शोधलाच नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ या ठिकाणी ‘अ‍ॅड डिव्हाइस’ दाबल्यावर वाय-फायवरचा प्रिंटर बहुधा आपोआप सापडतो आणि साध्या छपाईसाठी तेवढे पुरते. पूर्ण सॉफ्टवेअर हवेच असेल, तर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा. एप्सनचा भारतातील पत्ता एप्सन डॉट को डॉट इन असा आहे. उतरवलेल्या फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहावे, आणि तिथे कंपनीचे नाव नसेल तर ती फाइल उघडू नये. अधिकृत जागेवरची फाइलसुद्धा तपासूनच चालवावी, असे मी आता मानते. मे २०२५ मध्ये एका परदेशी प्रिंटर-कंपनीने स्वतःच पुरवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मालवेअर सापडल्याचे जगभर गाजले होते.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का, असे सहकारी शिक्षिका मला नेहमी विचारतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मोफत आणि आधीपासूनच असतो, आणि तो चालू व अद्ययावत ठेवला तर आमच्यासारख्या घराला पुरेसा आहे, असे माझे मत आहे. पुण्याच्या क्विक हीलसारखे सशुल्क सॉफ्टवेअर घेतले तर मुलांसाठीचे निर्बंध, फोनवर मिळणारी मदत अशा सोयी मिळतात, आणि ज्या घरात संगणकाकडे लक्ष देणारे कोणी नाही तिथे त्यांचा उपयोग होतो. परंतु दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

त्याहून अधिक महत्त्व मी विंडोजच्या अपडेटला देते. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची त्रुटी उघड झाली, ती विंडोजच्या छपाई सांभाळणाऱ्या ‘प्रिंट स्पूलर’ या सेवेतच होती. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टला ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता दुरुस्ती द्यावी लागली, आणि विंडोज ७ लाही ती दिली. जो संगणक अपडेट घेत नाही, त्याच्यावर अशी दारे उघडीच राहतात. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, म्हणून नवा प्रिंटर घेण्यासाठी पैसे बाजूला ठेवणाऱ्यांनी आपला संगणक विंडोज ११ घेऊ शकतो का, हे आधी पाहावे. बाबांसाठी आम्ही प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते केले आहे. तिथून छपाई होते, बातम्या वाचता येतात, पण नवे सॉफ्टवेअर बसवायचे तर माझा पासवर्ड लागतो. आरंभी ते त्यांना आवडणार नाही अशी भीती होती, पण त्यांनीच सांगितले, “बरे केलेस, आता मी निर्धास्त बसतो.” प्रश्नपत्रिकांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असते, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवतो, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरच्या, तावडीतून सुटत नाही.

सीताबर्डीच्या त्या दुकानातून यंत्र बसवायला आलेल्या मुलाचे मला कौतुक करायचे आहे. त्याच्या खिशात ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह होता, पण मी नको म्हटल्यावर तो रागावला नाही. शांतपणे बसून त्याने कंपनीच्या संकेतस्थळावरून सगळे उतरवून घेतले, प्रिंटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड माझ्याकडून बदलून घेतला, आणि राउटरचा तसाच राहिलेला पासवर्डही बदला असे स्वतःहून सुचवले. पहिले पान निघाल्यावर त्याने ते बाबांच्या हातात दिले. नवीन काळी बाटली आणायची वेळ आली, तेव्हा मी ऑनलाइन स्वस्त पर्याय न शोधता त्याच दुकानात गेले आणि खोक्याचे सील पाहून मूळ शाईच घेतली.