ई-टाइप घ्यायची, तर 1962 ची की 1966 ची?

जॅग्वार ई-टाइपच्या या दोन गाड्या बाहेरून जुळ्या बहिणी. इंजिन 1962 चं 3.8 लिटरचं असो वा 1966 चं 4.2 लिटरचं, कंपनी ताकद 265 अश्वशक्तीच सांगे. फरक कळतो गिअर टाकताना. 1962 च्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना चाकांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. ती पूर्ण थांबायच्या आत पहिला टाकायला गेलात, की खर्रकन आवाज येतो आणि दांडा हाताला हिसका देतो. ऑक्टोबर 1964 मध्ये 4.2 आली: चारही गिअर सिंक्रोमेशचे, ब्रेक सुधारलेले, सीट आरामशीर. सुरुवातीच्या 3.8 मधला डॅशबोर्डचा ॲल्युमिनियमचा पत्रा मला फार आवडतो, हे खरं. पण रोज चालवायची असेल तर 1966 चीच घ्या. फक्त आधी खाली वाकून दाराखालच्या पट्ट्यांचा गंज बघा.