बिनएसीची पद्मिनी आणि विदर्भाचा उन्हाळा: होळी ते दिवाळी वापरानंतरचा अनुभव

घरातली गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. सासऱ्यांनी नवी घेतलेली, नंबर लावून, वाट पाहून मिळालेली, आणि आजही रोजच्या वापरात. एसी नाही. माझं माहेर अमरावतीचं आणि राहतो पुण्यात, त्यामुळे नगर, संभाजीनगर, जालना, चिखली, खामगाव, अकोला हा सगळा पट्टा भर उन्हाळ्यात तिच्यातूनच पार करायचा असतो. मागे बाबा, म्हणजे सासरे, वय चौऱ्याहत्तर. त्यामुळे "काचा खाली करा की झालं" हा सल्ला आमच्या कामाचा नव्हता. होळीच्या आधी गाडीवर नीट काम करून घेतलं, उन्हाळा काढला, मधे कोकणात जाऊन आलो, ऑक्टोबर हीटही अनुभवली. आता लिहायला हरकत नाही.

माझं मत एका ओळीत सांगते: आधी पत्रा, मग वारा, शेवटी पाणी. पैसे आणि मेहनत याच क्रमाने लावा. बहुतेक जण उलटं करतात. आधी ऑनलाइन पंखे आणि छोटे कूलर मागवतात, आणि डोक्यावरचा टप तसाच तापत राहतो.

टपापासून सुरुवात करू. आमच्या गाडीत टपाच्या पत्र्याखाली तारांच्या कमानींवर ताणलेलं अस्तर होतं आणि मधे नुसती पोकळी. उन्हात उभी राहिलेली गाडी उघडली की हवा गरम लागते ती पाच मिनिटांत बाहेर जाते, पण तापलेला पत्रा चालत्या गाडीतही डोक्यावर उष्णता फेकत राहतो. ती थेट अंगावर येते, म्हणून कितीही वारा असला तरी डोकं जड होतं. अस्तर उतरवून पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची शीट आणि त्यावर १० मिमीचा बंद पेशींचा (आतले हवेचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असलेला) फोम चिकटवून घेतला. आधी दुपारी दोनला अस्तराचं तापमान तापमापक गनने ५२-५३ अंश दाखवायचं, आता तशाच उन्हात ४१-४२ दाखवतं. आकडा बाजूला ठेवला तरी फरक तळहाताला कळतो. पूर्वी अस्तराला हात लावला की चटकन मागे घ्यावा लागायचा, आता कोमट लागतं. सगळ्या खर्चात सर्वांत जास्त समाधान याच कामाने दिलं. गाडी गडद रंगाची असेल तर टप पांढरा करून घेण्याचाही विचार करा, आरटीओत रंगाच्या नोंदीची चौकशी करून.

दुसरी बाजू पायांची. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला केबलसाठी, वायरिंगसाठी, स्टिअरिंगच्या दांड्यासाठी भोकं असतात. तिथले रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकांत बसवलेल्या कड्या, चाळीस वर्षांत कडक होऊन तुटतात, आणि १०८९ सीसीच्या त्या इंजिनाची सगळी धग ड्रायव्हरच्या नडगीवर येते. रात्री गाडीत अंधार करून बसा, कोणाला तरी बॉनेट उघडून आत बॅटरी मारायला सांगा. जिथून उजेड दिसेल तिथून धग येते. आमच्याकडे ॲक्सिलरेटरच्या वर चांगली रुपयाएवढी फट सापडली. ग्रोमेट नवे टाकले, पायाखाली आणि सायलेन्सरच्या वरच्या भागात ॲल्युमिनियमचं आवरण असलेली शीट घातली. खर्च टपाच्या निम्मासुद्धा नाही. उजव्या पायाला जी सतत भाजल्यासारखी जाणीव असायची ती गेली, आणि लांबच्या प्रवासात थकवा किती या एका गोष्टीमुळे येत होता ते गेल्यावर समजलं.

आता वारा. पद्मिनीच्या पुढच्या दोन्ही दारांना जी त्रिकोणी काच आहे ती या गाडीची खरी संपत्ती आहे. आजच्या गाड्यांतून ती गेली, कारण एसी आल्यावर तिची गरज कोणाला राहिली नाही. मी वर्षानुवर्षं ती थोडीशी तिरकी करून चालवत होते, जसं सगळे करतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवलेले एक काका ओळखीचे आहेत. (मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपली.) ते म्हणाले, "ताई, काच पार उलटी फिरवा. तुमचा वारा बाहेर चाललाय, त्याला आत बोलवा." शास्त्र सरळ आहे. काच थोडी किलकिली असली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. नव्वद अंशांच्या पुढे फिरवली की तीच काच समोरचा वारा अडवून थेट छातीवर टाकते. दोन्हींचा उपयोग आहे. सकाळी ड्रायव्हरची काच उलटी, डावीकडची किलकिली आणि मागच्या काचा दोन बोटं खाली ठेवल्या की साठच्या वेगाला गाडीत एक सलग झोत फिरतो. मागे बाबांच्या अंगावर फटके बसत नाहीत, आवाजही कमी. मागची काच अजिबात उघडली नाही तर मात्र आलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि झोत मरतो.

त्रिकोणी काच ज्या खिळीवर फिरते त्या पिवटाला आधी रॉकेलने साफ करून ग्रीस द्या, नाहीतर वेगात काच आपोआप मिटते. काचेभोवतीची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलं, पावसाळ्यात टिकलं, गळलं नाही.

हे सगळं हवा ३५-३६ अंशांपर्यंत असेपर्यंत. त्याच्या वर हिशेब बदलतो आणि इथे लोक स्वतःला त्रास करून घेतात. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून घालतो. तेव्हा फक्त घाम वाळल्याने गारवा मिळतो, आणि तो घाम शरीरातल्या पाण्यातूनच येतो. ४० च्या वर पंखा लावून बसू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अकोल्याजवळ एप्रिलच्या दुपारी सगळ्या काचा खाली करून ऐंशीने गाडी चालवणं म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणं. अशा वेळी काचा तीन चतुर्थांश वर घेते, त्रिकोणी काच जेमतेम उघडी ठेवते आणि मग पाण्याची पाळी येते.

पाण्याने विदर्भात जे होतं ते कोकणात होत नाही, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओलं कापड साधारण २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. चिपळूणकडे हवा ३४ आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर ते ३० च्या खाली जात नाही. म्हणून खामगाव-अकोला पट्ट्यात मानेभोवती ओला पंचा, मनगटांवर ओली पट्टी आणि फवाऱ्याची बाटली यांनी जे काम केलं त्याला तोड नाही. पंचा सुती आणि पातळ हवा, टर्किश टॉवेल जड होतो आणि लवकर कोमट होऊन बसतो. पाऊण तासाने पुन्हा भिजवायचा. बाबांच्या बाजूच्या काचेला आतून वाळ्याची छोटी चटई क्लिपने लावून वरून पाणी मारत होतो. गाडी उभी असतानाच लावायची, कारण चालत्या गाडीत बाजूचं दिसणं अडतं. काळी फिल्म तर २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून लावताच येत नाही.

कोकणात यातलं काही चाललं नाही. कुंभार्ली घाट उतरून खाली आलो की पंचा ओलाच राहतो आणि घामही. तिथे फक्त वारा हाच उपाय, आणि तो हवा ३५ च्या आत असल्याने खरोखर काम करतो. सगळ्या काचा खाली, त्रिकोणी काच उलटी, थांबे कमी.

१२ व्होल्टचे दोन पंखे घेतले, एक पुढे, एक मागे. सिग्नलला आणि टोलनाक्याच्या रांगेत उपयोगी, चालत्या गाडीत नाही. दोन्ही मिळून चारेक अँपिअर घेतात. ज्यांच्या गाडीला बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनॅमो आहे त्यांनी जपून वापरा. मंद इंजिनावर डायनॅमो फारसा चार्ज देत नाही आणि रांगेतच बॅटरी उतरते. छोटा बर्फाचा कूलर मात्र घेऊ नका. त्याची टाकी वितभर, फवारा चेहऱ्यापुरता, आणि कोकणात तो आर्द्रता वाढवतो. बर्फाचा हिशेब करून पाहा: पाच किलो बर्फ वितळताना साधारण १६७० किलोज्यूल उष्णता शोषतो. गाडीचा एसी साडेतीन किलोवॉटचा धरला तर ते त्याचं आठ मिनिटांचं काम झालं. बर्फ प्यायच्या पाण्यासाठी आणि ताकासाठी ठेवा, तिथे त्याचं सोनं होतं.

रेक्झिनच्या सीटवर सोलापुरी चादर घडी करून टाकली. मण्यांचं कव्हरही वापरून पाहिलं, पाठीमागून हवा खेळते हे खरं, पण बाबांना टोचतं. चादर घामाने ओली झाली की उलटून टाकते, संध्याकाळी धुते.

आता वेळ. पुण्याहून पहाटे चारला निघायचं, दहाच्या सुमारास जालना गाठायचं, आणि साडेचारपर्यंत जालन्यातच थांबायचं. नातेवाईक असोत, लॉज असो, पैसे गेले तरी चालतील. पुढचा टप्पा संध्याकाळी. समृद्धीवरून का नाही, असं सगळे विचारतात. तो रस्ता १२० च्या वेगासाठी आहे, सावली नाही, थांबायला जागा कमी आणि दुपारी काँक्रीट खालून तापवतं. चाळीस वर्षांच्या गाडीला आणि तिच्या टायरना जुना रस्ता मानवतो. तिथे कडुलिंबाखाली बॉनेट उघडून उभं तरी राहता येतं.

बॉनेट उघडण्याची वेळ येतेच. इंजिनावरचा पेट्रोल पंप तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, गाडी मिसिंग करायला लागते आणि चढावर बंद पडते. पंपावर ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. हा उपाय माझा नव्हे, रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरचा आहे. आम्ही पेट्रोलच्या नळ्या नव्या टाकल्या, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही, आणि नळी सायलेन्सरपासून दूर फिरवून घेतली. त्यानंतर हा त्रास फार कमी झाला.

वयस्कर माणूस बरोबर असेल तर तहान लागायची वाट पाहू नका. बाबांना तहान लागतच नाही, म्हणून अर्ध्या तासाने पेला हातात द्यायचा: ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, पन्हं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर गारव्याचे प्रयोग थांबवा, अंगावर पाणी ओता आणि जवळचं रुग्णालय गाठा. अंग घामाने ओलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

एसी बसवायचा का? गाडीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, त्यातून कॉम्प्रेसर ओढायचा, रेडिएटरवर आणखी भार टाकायचा, डॅशबोर्ड कापायचा. आम्ही नाही म्हणालो आणि एवढ्या उन्हाळ्यानंतरही तेच म्हणते.

टपाचं काम करणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत करा. मार्चनंतर अस्तरवाल्यांकडे रांग लागते आणि घाईत काम बिघडतं. चिकटवायचा डिंक उष्णता सोसणाराच मागा. साधा घेतला तर मे महिन्यात फोम सुटून अस्तरात लोंबतो आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.