भुसावळचा ऑफिस-इंग्रजीचा क्लास: पत्रं लिहिणाऱ्यांनी लावावा

सावद्याला आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. माल आखातात जातो, म्हणून मेल इंग्रजीत. ते लिहायला भाचा होता, तो पुण्याला नोकरीला गेला. मग भुसावळला स्टेशनजवळचा हा क्लास लावला. फाडफाड इंग्रजी बोलायची हौस असेल त्यांनी इकडे फिरकू नये. सर बोलायला लावतच नाहीत, लिहायला लावतात.

‘कमेन्स’ (म्हणजे सुरू होणं) हे एकच भारदस्त क्रियापद घेऊन सरांनी अख्खा तास घेतला, आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला. ‘लोडिंग सुरू होईल तेव्हा कळवू’ यात आपल्याकडे दोन्हीकडे भविष्यकाळ. म्हणून जो तो ‘व्हेन द लोडिंग विल कमेन्स’ लिहितो. तिथे ‘विल’ चालत नाही, ‘व्हेन द लोडिंग कमेन्सेस, वी विल इन्फॉर्म यू’ असं हवं. तारीख पक्की असेल तर ‘लोडिंग कमेन्सेस ऑन मंडे’ पुरतं. अशा वाक्यात ‘विल कमेन्स’ही बरोबर. पण ‘विल कमेन्सेस’ दिसलं की लाल रेघ आलीच.

‘शॅल’चं तर वेगळंच. शाळेत ‘आय’पुढे शॅल, ‘ही’पुढे विल, एवढ्यावरच भागवलेलं. सरांनी फळ्यावर घटनेचं पहिलं कलम लिहिलं: ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स.’ यात उद्या-परवाचं काय आहे, सांगा! करारात ‘द सप्लायर शॅल प्री-कूल द फ्रूट’ असेल, तर केळी गार करूनच कंटेनरमध्ये भरायची हे आपल्या अंगावर आलं. व्यापाऱ्याने सही करण्याआधी ‘शॅल’ तेवढे पेनाने गोल करावेत. अमेरिकेत फेडरल कोर्टांच्या दिवाणी नियमांतून २००७ साली हा शब्द काढून बऱ्याच ठिकाणी ‘मस्ट’ घातला. आपल्याकडचे करार अजून शॅलनेच भरलेले.

आता तक्रारी. झेरॉक्सच्या नोट्स इतक्या फिक्या की चष्मा लावूनही अक्षर लागत नाही. उदाहरणं सगळी बँकेची आणि शाळेच्या रजेच्या अर्जाची. केळी पट्ट्यात क्लास चालवता, तर एखादं पत्र मालाचं, कटाईचं, रिफर म्हणजे गार ठेवणाऱ्या कंटेनरचं घ्या ना भाऊ! मी आमचे दोन जुने मेल नेले, तेव्हा सरांनी ते वर्गात आनंदाने सोडवून घेतले. त्यामुळे जाताना स्वतःचे कागद बरोबर न्या. फी एकदम मागतात, पण दोन हप्ते म्हटलं की ऐकतात. कटाईच्या दिवसात संध्याकाळची बॅच जमणं कठीण, रविवार सकाळचीच धरा.