वंशावळ उडाली, परत कुठून सुरू करू? त्र्यंबक की तहसील, आणि बॅकअप कुठे ठेवू?

मागच्या पावसाळ्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क बसली आणि सहा वर्षं जमवलेली चारशेवर नावं गेली. बॅकअप होता की, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हला!

तुमचंही असं झालं असेल तर आधी व्हॉट्सॲपवर "वंशावळ" सर्च मारा, कुणाकुणाला पाठवलं होतं ते बघा. माझी निम्मी नावं चुलतभावाला पाठवलेल्या पीडीएफमधून परत आली. कुळाचा छापील कुलवृत्तांत असेल तर उत्तमच.

उरलेल्यासाठी दोन वाटा. त्र्यंबकेश्वरला आपल्या गावाचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणारे पुरोहित, शोधायचे, मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते चोपडा काढतात. माझ्या खापरपणजोबांची मोडीतली नोंद तिथेच मिळाली, सोबत कोण आलं, भाऊ किती, मुलं किती सगळं एका दमात, आणि खाली त्यांची वाकडीतिकडी सही, ती बघून मी दोन मिनिटं गप्पच. पण जन्मतारखांच्या नावानं बोंब, आणि घरातलं कुणी कधी गेलंच नसेल तर पान कोरं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूमचं उलटं. हेलपाटे होतात, पण तारखा पक्क्या. गाव नमुना १४ म्हणजे जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर, त्यात बापाचं नाव मिळतं, बाळाचं बऱ्याचदा नसतंच. खरा खजिना वारसाचा फेरफार, म्हणजे माणूस गेल्यावर जमीन वारसांच्या नावे झाल्याची नोंद, एका नोंदीत विधवा, मुलगे, आणि नशीब असेल तर लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा. काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने फेरफार 'आपले अभिलेख' साइटवर घरबसल्या दिसतात. जमीन असेल तर मी म्हणेन आधी फेरफार, मग त्र्यंबक. नसेल तर थेट त्र्यंबक.

आता ठेवायचं कुठे. फॅमिलीसर्च ही वंशावळीची वेबसाइट फुकट आहे, लॅपटॉप गेला तरी झाड राहतं, पण ते सगळ्या जगाचं एकच झाड, वारलेल्या माणसांची माहिती कुणीही बदलू शकतं. मला ते झेपलं नाही. ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर पण फुकट, फाईल आपल्या हातात, शिकायला मात्र दोन रविवार जातात. त्यातून जेडकॉम (GEDCOM, वंशावळीचा सामाईक फाईल प्रकार) काढून ठेवलं की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतं, फक्त त्यात फोटो येत नाहीत, फोटोंसकट हवं तर ग्रॅम्प्सचं स्वतःचं पॅकेज काढायचं.

नुसत्या गूगल ड्राइव्हच्या सिंकवर राहू नका, इकडे फाईल डिलीट झाली की तिकडेही होते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. मी ग्रॅम्प्स घेतलं, दर महिन्याला तारीख टाकून नवी फाईल ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्ह भावाकडे नाशिकला, आणि एक प्रिंट आत्याकडे. तिने त्यावर पेनने दोन नावं दुरुस्त केलीत, ती अजून चढवायची राहिलीत.