क्लब पॅसिममधली एक संध्याकाळ: तिकीट ब्लूग्रासचे काढावे की लोकगायकाचे?

अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये, पामर स्ट्रीटवर ४७ क्रमांकाच्या जागी, रस्त्याच्या पातळीखाली क्लब पॅसिम नावाची एक छोटी मैफलीची जागा आहे. फार तर सव्वाशे माणसे मावतील एवढीच ती खोली आहे, आणि छोट्या टेबलांभोवती बसलेल्या श्रोत्यांपैकी कोणीही मंचापासून फार दूर नसतो. तिथल्या आगामी कार्यक्रमांच्या यादीत एका दिवशी ब्लूग्रास (बँजो-मँडोलिनसारख्या तंतुवाद्यांवरचे अमेरिकी संगीत) वाजवणारा बँड, दुसऱ्या दिवशी गिटार घेतलेला एकटा लोकगायक, अशी नावे शेजारी शेजारी लागलेली असतात. बॉस्टन परिसरातले मराठी स्नेही ही यादी पाहून मला नेहमी विचारतात की आम्हाला या संगीतातले काही कळत नाही, जायचे एकदाच आहे, तर दोहोंपैकी कशाला जावे. या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या कानावर, सोबत येणाऱ्या माणसांवर आणि त्या खोलीच्या आकारावर अवलंबून आहे, म्हणून ते जरा विस्ताराने द्यावेसे वाटते.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्लूग्रास हे अमेरिकेच्या डोंगराळ भागातले फार प्राचीन लोकसंगीत आहे, अशी आपली समजूत असते. त्याची मुळे जुनी आहेत हे खरे. पण आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात ते रेडिओच्या आणि मंचाच्या काळात, १९४० च्या दशकात घडलेले संगीत आहे. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरून त्याला नाव मिळाले, आणि डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा नॉर्थ कॅरोलायनाचा तरुण बँजोवादक त्यांच्यात आल्यावर त्याचा आजचा ध्वनी पक्का झाला. उलट यादीतल्या ‘फोक’, म्हणजे लोकसंगीत, या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेली कथागीते. दुसरी म्हणजे त्या वळणावर आज कोणी तरी स्वतः लिहिलेली गाणी. पॅसिममध्ये बहुतेक वेळा दुसरा प्रकार ऐकायला मिळतो, आणि चांगला गायक त्यात पहिल्यातले एखाददुसरे गाणे मिसळतो.

दोन्ही प्रकारांचे या गावाशी नाते जुने आहे. ही जागा १९५८ मध्ये माउंट ऑबर्न स्ट्रीटवर ‘क्लब ४७’ या नावाने जॅझसाठी सुरू झाली, आणि त्याच वर्षी पुढे प्रसिद्ध लोकगायिका झालेली सतरा वर्षांची जोन बाएझ तिथे गायला लागली. १९६३ मध्ये क्लब पामर स्ट्रीटवर आला, १९६८ मध्ये बंद पडला आणि पुढे पॅसिम या नावाने त्याच जागेत पुन्हा उभा राहिला. बाएझ यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या कथागीतांपैकी अनेक गीते हार्वर्डचेच प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या संग्रहातली आहेत. त्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ कथागीते निवडून, त्यांचे पाठभेद नोंदवले, आणि ती १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झाली. ज्या विद्यापीठात बसून त्यांनी हे काम केले त्याच्या फाटकापासून चालत दोन-चार मिनिटांवर ती गीते गिटारवर ऐकायला मिळतात, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

ब्लूग्रासचा इतिहास इथे वेगळ्या दाराने आला. वेस्ट व्हर्जिनियाचे लिली बंधू आणि बँजोवादक डॉन स्टोव्हर १९५२ मध्ये बॉस्टनला आले आणि पुढे तिथल्या ‘हिलबिली रँच’ या दारूच्या गुत्त्यात वर्षानुवर्षे, जवळजवळ रोज रात्री वाजवत असत. त्यांना इकडे आणण्यात टेक्स लोगन या फिडलवादकाचा (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मोठा वाटा होता. हा माणूस एमआयटीत शिकलेला आणि पुढे बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत काम केलेला इंजिनिअर होता, हे आपल्यातल्या अनेकांना जवळचे वाटेल. त्याच परिसरातले जो व्हॅल टंकलेखन यंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करत आणि मँडोलिन वाजवून अत्यंत उंच पट्टीत गात. त्यांच्या नावाचा ब्लूग्रास महोत्सव बॉस्टन परिसरात दर फेब्रुवारीत भरतो.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ कशी असते ते पाहू. ब्लूग्रासच्या मंचावर साधारण पाच माणसे असतात: मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा बास. ढोल-ताशा, ड्रम असे काही नसते. गेल्या उन्हाळ्यात आई नाशिकहून आली होती, तेव्हा तिला मी अशा कार्यक्रमाला नेले. वीस वर्षे भजनी मंडळात गायलेली बाई, पहिल्याच गाण्यात तिने विचारले, “तबला कुठे आहे?” दुसरे गाणे संपेपर्यंत तिनेच बोट दाखवून सांगितले की ठेका तो छोटे वाद्यवाला देतोय. तिचे निरीक्षण अचूक होते. चार मात्रांत बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मँडोलिनवाला तारांवर जोरात आघात करून डाव्या हाताची बोटे लगेच सैल सोडतो, त्यामुळे सूर न उमटता नुसता ‘चक्’ असा कोरडा आवाज येतो. सगळा वाद्यवृंद त्या आवाजावर उभा असतो.

बँजोकडे जवळून पाहण्यासारखे तर पुष्कळ असते. वादकाच्या अंगठ्याला प्लॅस्टिकची आणि पुढच्या दोन बोटांना धातूची नखी असते, आणि तीन बोटे आलटून पालटून फिरत राहिल्यामुळे स्वरांची धार तुटत नाही. वाद्याची पाचवी तार इतरांपेक्षा आखूड असते आणि तिची खुंटी दांडीच्या मध्येच, एका कडेला बसवलेली असते. अंगठा त्या तारेवर पुन्हा पुन्हा येतो आणि एकच उंच स्वर मागे घुमत राहतो. सतारीची चिकारी ज्याने ऐकली आहे त्याला हे काम लगेच ओळखता येईल. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी भोपळ्याच्या वाद्यांच्या स्मृतीतून इकडे घडवले, हेही ते ऐकताना मनात असावे.

गाण्याच्या मधल्या जागांत प्रत्येक वादक पुढे येऊन आपला तुकडा वाजवतो आणि मागे सरतो. काही बँड सगळ्यांमध्ये मिळून एकच मायक्रोफोन वापरतात. तेव्हा ज्याचा तुकडा असेल तो दोन पावले पुढे येतो, बाकीचे वाट करून देतात, आणि फिडलचा गज कोणाच्या डोळ्याला न लागता ही ये-जा कशी चालते ते पाहणे हा त्या मैफलीतला एक वेगळा आनंद असतो. आवाजांची रचनाही ठरलेली असते: मुख्य गायक मधे, एक आवाज त्याच्यावर, एक खाली. वरचा आवाज काळजाला चिरत जातो, आणि तो छोट्या खोलीत ऐकला की ध्वनिमुद्रणात काय हरवते ते कळते.

लोकगायकाची संध्याकाळ याच्या अगदी उलट दिशेने जाते. मंचावर एक खुर्ची, एक गिटार, पाण्याचा पेला आणि एक माणूस. पहिल्या दहा मिनिटांत काही घडतच नाही असे नवख्याला वाटू शकते. गायक तारा उतरवून वेगळ्या जुळणीत लावतो, लावता लावता बोलतो, आणि ते बोलणे कधी कधी गाण्याहून लांब होते. पण ते गाण्याचाच भाग असते. एखादी बंद पडलेली गिरणी, आजीचे घर विकण्याचा दिवस, अशा एका प्रसंगाभोवती गाणे रचलेले असते, आणि आधीचे बोलणे ऐकले नसेल तर तिसऱ्या कडव्यातल्या एका साध्या ओळीचे वजन हाती येत नाही. पालुपद आले की गायक मान हलवतो, खोली हलक्या आवाजात साथ देते, आणि शंभर अनोळखी माणसे एकमेकांना न बिचकता गातात. मला या क्षणाची फार ओढ आहे. मोठ्या सभागृहात तो येत नाही, कारण तिथे आपल्याला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही.

अडचण भाषेची आहे आणि ती मान्य केली पाहिजे. आईला मी अशा कार्यक्रमालाही नेले होते. तिला कळावे म्हणून मी कानात भाषांतर करू लागलो, आणि त्या शांततेत माझी कुजबुज मंचापर्यंत पोहोचत असल्याचे लक्षात येऊन थांबलो. गायिकेचा आवाज तिला आवडला, गाणी मात्र हातची निसटली. म्हणून भारतातून आलेले आईवडील सोबत असतील किंवा इंग्रजी शब्दांपेक्षा लय आणि हात पाहण्यात ज्यांना गोडी आहे अशी माणसे असतील, तर ब्लूग्रासच निवडावे. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठीही तेच बरे. वाद्ये हलतात, गाणी तीन-चार मिनिटांत संपतात आणि टाळ्या वाजवायला वारंवार संधी मिळते. लोकगायकाच्या शांत मैफलीत मुलाने खुर्ची सरकवली तरी सगळ्यांना ऐकू जाते.

तिकिटाच्या दराने निवड करू नये, कारण दर प्रकारापेक्षा कलाकाराच्या नावावर ठरतो. यादी वाचताना मात्र सावध राहावे. ‘अमेरिकाना’ किंवा ‘रूट्स’ असे लिहिले असेल तर त्यावरून काहीच निश्चित होत नाही. बँडच्या छायाचित्रात बँजो, मँडोलिन आणि उभा बास दिसत असेल, ड्रम दिसत नसतील, तर बहुधा ब्लूग्रासच समजावा. ‘ओल्ड-टाइम’ असे लिहिले असेल तर ती ब्लूग्रासची थोरली बहीण: तिथे वाद्ये एकच चाल सगळी मिळून वाजवतात, एकेकट्याचे तुकडे नसतात, आणि नाच येत नसेल तर नवख्याला ते एकसुरी वाटण्याचा संभव आहे. तीन-चार गीतकार एकाच मंचावर बसून आळीपाळीने गातात अशीही संध्याकाळ असते. ज्याला कोणता आवाज आपला हे ठाऊक नाही त्याने ती जरूर घ्यावी. कोणालाही गाता येईल अशा खुल्या मंचाला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जावे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर भाषेची अडचण नसलेल्या आणि एकटे किंवा दोघेच जाणाऱ्या माणसाने पॅसिममधले एकमेव तिकीट लोकगायकाचे काढावे. चांगला ब्लूग्रास मोठ्या मैदानात, महोत्सवात, अगदी हॉटेलच्या व्हरांड्यात वाजवत बसलेल्या मंडळींकडूनही ऐकता येतो. फेब्रुवारीतल्या महोत्सवात तर मंचापेक्षा जिन्याखाली आणि गल्ल्यांमध्ये जमलेले वादकांचे घोळके अधिक रंगतात, आणि तिथे भजनी मंडळासारखेच असते: एकाने उचलायचे, पट्टी सांगायची, बाकीच्यांनी धरायचे. एकट्या गायकाचे तसे नाही. त्याला सव्वाशे माणसांचीच खोली लागते. पाचशे माणसांपुढे तो आवाज चढवतो, बोलणे आखडते घेतो आणि शेवटी तोच माणूस राहत नाही. हार्वर्ड स्क्वेअरमध्ये अशी खोली इतकी वर्षे टिकून आहे, तर तिचा उपयोग ज्या गोष्टीसाठी ती टिकली त्यासाठी करावा असे मला वाटते.

कशालाही गेलात तरी गाडी घरी ठेवून रेड लाइन या भुयारी रेल्वेने हार्वर्ड स्थानकाला उतरावे, कारण तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात पहिली दोन गाणी जातात. ब्लूग्रास असेल तर बँजोवाल्याचा उजवा हात दिसेल अशी खुर्ची मिळवावी. लोकगायक असेल तर निघण्याआधी त्याची दोन-तीन गाणी शब्द समोर ठेवून ऐकून जावे; पालुपद तोंडात बसलेले असले की खोली गाऊ लागेल तेव्हा तुम्हालाही गाता येईल.