आबांच्या दाढीची डावी बाजू

साताऱ्यात मोती चौकातून आत वळणाऱ्या एका बोळात हे दुकान आहे. पाटीवर नुसतं ‘केशकर्तनालय’ लिहिलंय, म्हणून खूण सांगते. दारातून आत पाहिलं की समोरच्या भिंतीवर संत सेना महाराज आणि शेजारी जिवा महाला, दोघांच्या तसबिरी दिसतात. दोनच खुर्च्या आहेत. मी लिहितेय ते मात्र दुकानातल्या कामाबद्दल नाही. तिथले मालक घरी येऊन आजारी माणसाची दाढी करतात, त्याबद्दल लिहितेय. घरात अर्धांगवायूचा पेशंट असलेल्या कुणाच्या तरी हे उपयोगी पडेल.

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जाणारी गाडी त्यांनी कित्येक वर्षं चालवली. खाकी कपड्याला इस्त्री नसली तरी चालायचं, पण दाढी कोरलेलीच हवी. गालावर बारीक, हनुवटीवर जरा भरीव, आणि मिशीचा एकही केस ओठावर उतरलेला नको. गेल्या आषाढात त्यांना झटका आला. मेंदूच्या उजव्या भागात, त्यामुळे डावा हात-पाय लुळा पडला आणि तोंडाचा डावा कोपरा खाली आला. बोलणं राहिलं. पण डावीकडचं जगच त्यांना जाणवेना. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची. उजव्या हातात ट्रिमर दिला तर फक्त उजवा गाल करायचे, आरशात बघायचे आणि ‘झाली’ म्हणून ट्रिमर खाली ठेवायचे. डोळ्यांचा दोष नाही, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही, असं फिजिओथेरपीच्या ताईंनी समजावलं. ते अर्धं चेहऱ्याचं दृश्य मला बघवत नव्हतं.

सुरुवातीला एका घरपोच सेवेकडून माणूस बोलावला होता. आबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, वस्तरा लावू नका, असं फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी त्याने गळ्यावर वस्तरा ओढला. बारीकसंच कापलं, पण वीस मिनिटं मी रुमाल दाबून बसले होते. आबा गप्प होते, आणि त्यांचं ते गप्प राहणंच मला जास्त लागलं. त्यानंतर महिनाभर कुणालाच हात लावू दिला नाही. केस वाढले, डाव्या कोपऱ्यातून लाळ ओघळून खालची कातडी लाल झाली.

मग शेजारच्या काकूंनी या दुकानाचं सांगितलं. मालक आले ते पिशवी बाजूला ठेवून आधी साबणाने हात धुऊन आले, आणि पंधरा मिनिटं एकही हत्यार बाहेर काढलं नाही. गोळ्या कुठल्या चालू आहेत? पाणी पिताना ठसका लागतो का? मान मागे टाकलेली चालते का? शेवटी विचारलं, “ताई, आबांचा पहिला एखादा फोटो आहे का?” निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला फोटो दाखवला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि कपाटाला टेकवून समोरच ठेवला.

आबांना व्हीलचेअरवर ताठ बसवलं, डोक्यामागे उशी दिली. मान मागे झुकवलीच नाही. मालिश करून शेवटी मान कडकन मोडायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्या डॉक्टरांनी ती सक्त मना केली आहे, कारण त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि त्यातूनच अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. हे मी सांगायच्या आत तेच म्हणाले, “मान मोडायचं आम्ही दुकानातबी बंद केलंय.”

मशीनचं पातं काढून ब्रशने झाडलं, त्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला, कोरडं होऊ दिलं. दाढी ओली केली नाही. ओला केस लांब दिसतो आणि वाळल्यावर जास्त कापला गेल्याचं कळतं, असं त्यांचं म्हणणं. कंगव्याने केस आधी खाली, मग उलटे विंचरले आणि कुठे कसे वळतात ते बोटाने चाचपलं. दोन नंबरचं गार्ड, म्हणजे सहा मिलिमीटर, लावून केसांच्या दिशेनेच पहिला हात फिरवला. गालावर एक नंबर. गळ्याची रेघ कंठाच्या वर दोन बोटं सोडून धरली. बहुतेक जण ती जबड्याच्या हाडावर नेऊन ठेवतात आणि मान हलली की खालची कातडी लोंबल्यासारखी दिसते.

खरं कसब दिसलं ते डाव्या बाजूला. तो गाल उतरलाय, म्हणून तोंडाच्या कोपऱ्यापासून मापं धरली तर दोन्ही रेघा वाकड्या येणार. त्यांनी माप कानाच्या पाळीपासून धरलं. अंगठ्याने कातडी हलकेच वर ताणली आणि सैल पडलेल्या घडीत मशीन अडकू दिलं नाही. “लाळ येते त्या जागी केस आखूडच ठिवूया, तुम्हाला पुसाया सोपं जाईल,” म्हणाले. मिशी कात्रीने, कंगव्यावर केस धरून, एकेक पात कापली. वस्तरा पिशवीतच राहिला.

काम चालू असताना आबांनी विचारलं, दुकानात तसबीर कुणाची? जिवा महालांचं नाव निघालं आणि आबा सुटलेच. 1659 साली अफझलखानाच्या भेटीत सय्यद बंडाचा वार याच माणसाने अडवला, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’, आणि मी त्या प्रतापगडाखालून रोज गाडी काढत होतो, पावसात, धुक्यात. आबा बोलायला लागले की मालक मशीन बंद करायचे आणि वाक्य संपेपर्यंत हात खाली ठेवून ऐकायचे. कुणीतरी त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतंय, हे मी खूप दिवसांनी पाहत होते.

दुसऱ्या खेपेपासून ते आबांच्या डावीकडे उभे राहून बोलायला लागले. त्या बाजूने बोलत राहा, असं फिजिओच्या ताईंचं सांगणं मी सहज त्यांच्या कानावर घातलं होतं. डाव्या गालावर मशीन लावण्याआधी आबांचा उजवा हात उचलून त्या गालावर ठेवतात आणि म्हणतात, “आबा, आता हिकडची.”

घरी यायचे अडीचशे रुपये घेतात, दुकानात शंभर. वेळ मात्र पाळत नाहीत. अकराची वेळ सांगून साडेबाराला आलेत, आणि आबांची जेवणाची, गोळीची वेळ त्यात मोडते. यात सुधारणा हवीच. दोनदा फोनही उचलला नाही. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी बोलावलं तर सावकाश काम करतात. श्रावण लागायच्या आधीच्या आठवड्यात आणि गणपतीच्या आदल्या दिवशी फिरकणार नाहीत, तेव्हा आधीच सांगून ठेवा. बारीक केस उडतात, चादर बदलायची तयारी ठेवा. फरशी ते स्वतः झाडून देतात.

दर बारा दिवसांनी येतात, आता आठ महिने झाले. मागच्या सोमवारी उजवी बाजू झाली, त्यांनी मशीन थांबवून पातं झाडायला घेतलं. आबांनी, कुणी हात धरला नसताना, आपला उजवा हात उचलून डाव्या गालावर नेला, चाचपून पाहिलं आणि म्हणाले, “ही ऱ्हायली की रं.”

“व्हय आबा,” ते म्हणाले आणि मशीन पुन्हा चालू केलं.