प्रायमर विचित्र दिसतोय: दोष दारूचा, डायचा की बंदुकीचा?

रेंजवरून आणलेल्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचं) टेबलावर उलट्या उभ्या केल्या आणि चार-पाच प्रायमर (बुडाच्या मधोमध बसणारी, दारू पेटवणारी छोटी टोपी) भलतेच दिसले, की घरी काडतुसं पुन्हा भरणारे बहुतेक जण लगेच बंदुकीच्या दारूचं माप कमी करून मोकळे होतात. इथे टेक्सासात घरी .२२३ आणि .३०८ ही रायफलची काडतुसं भरायला लागलो तेव्हा मीही तेच करायचो. भरणीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत माप कमी केल्यानं नुकसान होत नाही, पण दोष डायमध्ये (पुंगळीला पुन्हा मापात आणणारा साचा) किंवा फायरिंग पिनमध्ये (प्रायमरवर आपटणारी बंदुकीतली पिन) असेल तर तो तसाच राहतो. म्हणून आधी भिंग घ्या आणि सारख्या दिसणाऱ्या खुणा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

सर्वांत फसवं असतं ते मधोमध पडलेलं भोक. बार उडताना भोक पडलं असेल तर ते फायरिंग पिनच्या खड्ड्याच्या तळाशी असतं आणि भोवती काजळी दिसते. बोल्टच्या (पुंगळीला मागून टेकणारा बंदुकीचा भाग) तोंडावरही गरम वायूनं कोरल्यासारखे बारीक खड्डे पडू लागतात. कधी नीट गोल चकतीच कापली जाते आणि ती फायरिंग पिनच्या वाटेत अडकते. डीकॅपिंग पिननं (जुना प्रायमर बाहेर ढकलणारी डायमधली पिन) पाडलेलं भोक मात्र आतून बाहेर आलेलं असतं: कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या आणि बोल्ट स्वच्छ. लष्करी पितळात प्रायमर क्रिंप केलेला, म्हणजे कड दाबून पक्का केलेला असतो. काही पुंगळ्या पाण्यात घोळवून प्रायमरसकट ओल्याच राहिलेल्या असतात. अशा ठिकाणी प्रायमर घट्ट बसतो, पिन त्याला बाहेर ढकलण्याऐवजी आरपार जाते आणि कधी नुसतं कडं प्रायमरच्या खाचेत उरतं. यात बंदुकीचा काहीच दोष नाही. माझा आग्रह एवढाच की पुंगळी प्रेसमध्ये (डाय बसवलेलं भरणीचं यंत्र) घालण्याआधी तपासा. नंतर दोन्ही भोकांत घोळ होतो.

भोक बार उडतानाच पडलं असेल तर त्या लॉटची काडतुसं तिथेच थांबवा. मग दुकानातलं नवीन काडतूस आणि तुमचं काडतूस यांची तुलना करा. दोन्हींचे प्रायमर फुटत असतील तर पिनचं टोक किंवा तिची बाहेर येण्याची लांबी तपासून घ्यावी लागेल. फक्त तुमचेच फुटत असतील तर माप जास्त आहे किंवा प्रायमर चुकीचा आहे. स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल प्रायमर आकाराला सारखेच असतात, त्यामुळे पिस्टलचा प्रायमर .२२३च्या खाचेत बिनबोभाट बसतो. पण त्याचा पत्रा पातळ असतो. अमेरिकेतल्या सामी या मानक संस्थेची ९ मिमी पिस्तूल काडतुसाची दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .२२३ची ५५,०००. रायफल प्रायमरमध्येही फरक आहेच. रेमिंग्टनचा साडेसहा नंबर .२२३साठी नाही, त्यासाठी साडेसात नंबर आहे.

आता चपटा प्रायमर. इथे माझीही बरेच दिवस फसगत झाली. दाब खरोखर जास्त असेल तर प्रायमरची गोलाई जाऊन तो खाचेच्या काठापर्यंत पसरतो, पण तो एकटा येत नाही: बोल्ट उचलायला जड जातो, पुंगळीच्या बुडाला पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटतो, पुढच्या वेळी प्रायमर सैल बसतो, क्रोनोग्राफवर (वेगमापक) गोळीचा वेग मॅन्युअलपेक्षा जास्त येतो. हेडस्पेस, म्हणजे बंदुकीत पुंगळीला पुढे-मागे मिळणारी सैल जागा, जास्त असेल तर बार उडताना आधी प्रायमर मागे सरकून बोल्टला टेकतो, त्याची उघडी कड फुगते आणि मग पुंगळी मागे येऊन त्याला पुन्हा दाबून बसवते. दिसायला दोन्ही सारखे.

फरक ओळखायला मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापाची पाच काडतुसं उडवा. खरा दोष दाबाचा असेल तर चपटेपणा नाहीसा होईल. हेडस्पेसचा असेल तर प्रायमर बाहेर डोकावतील, कारण पुंगळीला मागे ढकलण्याइतका दाबच नसतो. बाहेर आलेला प्रायमर बघून दाब वाढला असं समजणं साफ चूक आहे. बहुतेकदा फुल-लेंथ डायनं (पूर्ण पुंगळी मापात आणणारा साचा) पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, फार मागे ढकललेला असतो. बोल्ट-ॲक्शनला (हातानं बोल्ट ओढायची रायफल) तो दोन हजारांश इंच मागे नेणं पुरतं. डाय सुधारण्याआधी जुन्या पुंगळ्यांच्या आत टोक वाकवलेली तार फिरवून पाहा. बुडाच्या जरा वर खाच लागली तर ती पुंगळी भंगारात, कारण पुढच्या बाराला ती तिथूनच तुटू शकते.

पिनच्या खड्ड्याभोवती उंच कडा आली असेल तर दोष दाबाचा की बंदुकीचा, हाच प्रश्न पुन्हा विचारा. सौम्य मापालाही कडा येत असेल तर बोल्टमधलं पिनचं भोक मोठं आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलात दिसणारी लांबट रेघ तर नेहमीचीच असते, तिच्यावर वेळ घालवू नका.

गनस्मिथकडे जायची वेळ आलीच तर नुसती बंदूक नेऊ नका. डीकॅप न केलेल्या पुंगळ्या, उडवलेल्या क्रमानं, मापाची चिठ्ठी लावून सोबत न्या.